अंडकोशातील द्रवार्बुदे व अंतःस्तर विस्थान

अंडकोशातील द्रवार्बुदे व अंतःस्तर विस्थान : स्त्रीच्या अंडकोशात (गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या, स्त्रीबीज व स्त्री-हॉर्मोने निर्माण करणाऱ्या ग्रंथीत; अंडाशयात) द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ तयार झाल्यास तिला अंडकोशाचे द्रवार्बुद म्हणतात. बोलीत तिला ‘पाण्याची गाठ’ व दवाखान्यात ‘सिस्ट’ म्हणतात. गर्भाशयाच्या पोकळीला आतून अस्तरासारखा अंतःस्तर असतो. त्याच्यासारखे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) गर्भाशयाबाहेर रुजून वाढू लागले की, त्या विकाराला अंतःस्तर विस्थान किंवा एंडोमेट्रिओसिस असे नाव आहे. हे विस्थापित ऊतक अंडकोशातच रुजल्यास तेथे जुन्या रक्ताने भरलेले द्रवार्बुद बनते व दोन्ही विकार एकाच ठिकाणी येतात. म्हणून त्यांचा विचार येथे एकत्र केला आहे.

व्यवहारातही या दोहोंची गल्लत होते. ओटीपोट दुखते म्हणून आलेल्या स्त्रीच्या तपासणीत गाठ दिसली की, वेदनेचे कारण सापडले असे समजले जाते. पुष्कळदा ती गाठ निरुपद्रवी असते व आपोआप नाहीशी होणार असते. उलट अंतःस्तर विस्थानाचे पर्युदरावर (उदरगुहेच्या आतील पातळ आवरणावर) पसरलेले लहान ठिपके चित्रात दिसतच नाहीत, आणि ‘तपासणीत काही निघाले नाही’ म्हणून त्या स्त्रीची वेदना खोटी ठरते. मराठवाड्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या कोरडवाहू व स्थलांतर करणाऱ्या भागात या दोन चुकांना तिसरी जोडली जाते : दोन्ही तक्रारींवर गर्भाशय काढून टाकणे हाच एक उपाय सुचविला जातो.

द्रवार्बुदांचे प्रकार : प्रौढ स्त्रीचा अंडकोश सु. ३ सेंमी. लांब असतो. प्रत्येक ऋतुचक्रात त्यातील एक पुटक (स्त्रीबीज धारण करणारी सूक्ष्म पिशवी) वाढत जाऊन सु. २ सेंमी. व्यासाचे होते, फुटते व त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. मागे राहिलेल्या भागापासून पीतपिंड बनतो. म्हणजे पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडकोशात दरमहा एक लहानशी पाण्याची पिशवी निर्माण होणे हे निसर्गक्रमानुसारच असते. पुटक न फुटता वाढत राहिले किंवा पीतपिंडात द्रव वा रक्त साचले, तर ३ सेंमी.पेक्षा मोठी पिशवी दिसते. हे क्रियात्मक द्रवार्बुद होय. जननक्षम वयात आढळणारी बहुसंख्य द्रवार्बुदे या जातीची असून ती दोन-तीन ऋतुचक्रांत विरून जातात.

दुसरा गट खऱ्या अर्बुदांचा (शरीरास निरुपयोगी अशा नवीन कोशिकांच्या वाढीने झालेल्या गाठींचा) आहे. त्यांत पातळ पाण्यासारखा द्रव असलेली, चिकट श्लेष्मल द्रव असलेली व त्वचाभ अशी तीन प्रमुख साधी अर्बुदे येतात. श्लेष्मल अर्बुद कधीकधी प्रचंड वाढते व पोट पूर्ण दिवसांच्या गर्भारपणासारखे दिसते. त्वचाभ अर्बुदात केस, चरबी, क्वचित दातसुद्धा आढळतात. त्याविषयी खेडोपाडी करणी-भानामतीच्या कथा ऐकू येतात. परंतु ते स्त्रीबीजाच्या मूळ कोशिकांपासून बनते व त्या कोशिकांत कोणतेही ऊतक निर्माण करण्याची क्षमता असते, एवढेच त्यामागील कारण आहे. मारक (कर्करोगी) अर्बुदे तरुणपणी विरळ असून ऋतुनिवृत्तीनंतर त्यांचे प्रमाण वाढते.

बहुपुटक अंडकोश हा विकार मात्र यांत धरू नये. अर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथाल या अमेरिकन वैद्यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात दिसणाऱ्या पिशव्या द्रवार्बुदे नसून वाढ थांबलेली लहान पुटके असतात. पाळी लांबणे, अंगावर केस वाढणे व वजन वाढणे या लक्षणांशी संबंधित असा हा हॉर्मोनांचा विकार आहे. ‘दोन्हीकडे गाठी आहेत’ असे सांगून त्यावर शस्त्रक्रिया करणे अयोग्य होय.

अंतःस्तर विस्थानाचे स्वरूप : विस्थापित अंतःस्तर बहुधा अंडकोश, गर्भाशयामागील खळगा, गर्भाशयाचे बंध, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग व मूत्राशय यांवर आढळतो. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या व्रणातही तो रुजतो. अशा वेळी व्रणावरील गाठ दर पाळीला सुजते व दुखते. हे ऊतक गर्भाशयातील अस्तराप्रमाणेच स्त्रीमदजन (इस्ट्रोजेन) या हॉर्मोनाच्या प्रभावाखाली वाढते व पाळीच्या वेळी त्यातून रक्तस्राव होतो. गर्भाशयातील रक्ताला बाहेर जाण्यास मार्ग असतो, या रक्ताला नसतो. ते तेथेच साचते, शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो व हळूहळू तंतुमय ऊतक बनून शेजारची इंद्रिये एकमेकांस चिकटतात. अंडकोशात साचलेले जुने रक्त घट्ट व तपकिरी होते. त्यावरून त्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव पडले.

याच अंतःस्तराचे ऊतक गर्भाशयाच्या स्नायुमय भिंतीत शिरल्यास गर्भाशय सर्व बाजूंनी फुगतो, पाळीत अतिरक्तस्राव होतो व वेदना होतात. हा निराळा विकार (ॲडेनोमायोसिस) आहे. हा भेद शब्दांपुरता नाही. गर्भाशय काढल्याने हा दुसरा विकार संपतो, तर अंतःस्तर विस्थान गर्भाशयाबाहेर असल्यामुळे केवळ गर्भाशय काढून ते जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सु. १० टक्के, म्हणजे जगातील सु. १९ कोटी स्त्रियांना अंतःस्तर विस्थान असते. श्रीमंत, शहरी, उशिरा मूल होणाऱ्या स्त्रियांचा हा आजार आहे असे जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. त्याचे कारण मुख्यतः असे की, निदान होण्याची सोय त्याच स्त्रियांना होती.

इतिहास : चरकसंहितेत वर्णिलेल्या वीस योनिव्यापदांपैकी उदावर्तिनी या विकारात पाळीच्या वेळच्या तीव्र वेदनांचे वर्णन असून स्राव होताच आराम पडतो असे म्हटले आहे. अंतःस्तर विस्थानात स्राव सुरू झाल्यावरही वेदना टिकते, त्यामुळे दोन्ही एकच मानता येत नाहीत. कार्ल फोन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये विस्थापित अंतःस्तराचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन केले. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील शस्त्रक्रियाविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये चॉकलेट सिस्टचा व या विकाराचा संबंध दाखविला आणि १९२७ मध्ये आपली उपपत्ती मांडली : पाळीतील काही रक्त अंडवाहिन्यांतून उलट दिशेने उदरगुहेत जाते व त्यातील कोशिका तेथे रुजतात. ही उपपत्ती आजही मुख्य मानली जाते. परंतु असा उलट प्रवाह बहुतेक सर्व स्त्रियांत होतो व विकार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणून आनुवंशिकता व प्रतिकारक्षमतेतील फरक यांचाही विचार करावा लागतो.

अंडकोशाच्या अर्बुदावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एफ्राइम मक्डॉवेल यांनी १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात भूल न देता केली. काढलेल्या अर्बुदाचे वजन १० किग्रॅ.हून अधिक होते व ती रुग्ण पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगली. निदानाच्या इतिहासातही अंडकोशाच्या द्रवार्बुदाला विशेष स्थान आहे. ग्लासगो येथील इअन डोनल्ड यांनी श्राव्यातीत तरंगांच्या (मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनितरंगांच्या) साहाय्याने उदरातील गाठींची तपासणी सुरू केली. जठराच्या असाध्य कर्करोगामुळे पोटात पाणी झाले आहे असे ठरविलेल्या एका स्त्रीच्या तपासणीत त्यांना एक भलेमोठे द्रवार्बुद दिसले. ते काढले असता साधे निघाले व ती बरी झाली. या कामाचे निष्कर्ष १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज तालुक्याच्या गावी ‘सोनोग्राफी’ म्हणून जे केले जाते त्याचा उगम येथे आहे.

लक्षणे : साध्या द्रवार्बुदाची बहुधा काहीच लक्षणे नसतात. मोठ्या गाठीमुळे ओटीपोटात जडपणा, वारंवार लघवीला होणे किंवा पोटाचा घेर वाढणे या तक्रारी होतात. गाठ देठाशी पिरगळल्यास एका बाजूला अचानक असह्य कळ येते व ओकाऱ्या होतात. ही तातडीची शस्त्रक्रियेची अवस्था आहे. काही तासांत पीळ सोडविल्यास काळसर झालेला अंडकोशही पुष्कळदा वाचतो. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाल्यास चक्कर व फिकटपणा येतो. मात्र पाळी चुकलेल्या स्त्रीत हीच लक्षणे गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची असू शकतात, म्हणून प्रथम लघवीची गर्भचाचणी करतात.

अंतःस्तर विस्थानाची वेदना निराळी असते. ती पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते, पाळीभर राहते व वर्षागणिक वाढत जाते. समागमाच्या वेळी खोलवर दुखणे, पाळीत शौचास वा लघवीस दुखणे, सतत थकवा व मूल न होणे ही इतर लक्षणे होत. वेदनेची तीव्रता व विकाराचा विस्तार यांचा मेळ नसतो. सर्व श्रोणिगुहा (ओटीपोटातील अस्थिवेष्टित पोकळी) चिकटलेली असूनही एखादीला त्रास नसतो, तर चार ठिपके असलेली दुसरी दर महिन्याला अंथरुणाला खिळते. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत प्रगत देशांतही अनेक वर्षे जातात. आपल्याकडे ‘पाळीत दुखायचेच’, ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की थांबेल’ या तीन समजुतींमुळे हा काळ आणखी लांबतो. गर्भारपणात पाळी बंद असल्याने वेदना तात्पुरती थांबते हे खरे, पण त्याने विकार बरा होत नाही.

निदान : निदानाचे पहिले साधन म्हणजे नीट विचारलेली हकिकत. वेदना पाळीशी बांधलेली आहे की नाही, कामाला जाता येते की नाही, कोणत्या दिवशी सुरू होते व कोणत्या दिवशी थांबते, हे दोन-तीन महिने दिनदर्शिकेवर खुणा करून पाहिल्यास कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक माहिती मिळते. यानंतर योनिमार्गे बोटांनी केलेली तपासणी. गर्भाशय मागे वळून चिकटलेला असणे, त्यामागील बंधांवर दाबताच दुखणाऱ्या गाठी लागणे ही अंतःस्तर विस्थानाची चिन्हे आहेत. अविवाहित मुलीत ही तपासणी करीत नाहीत. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीवर भागवितात.

सोनोग्राफीत गाठीचा आकार, भिंत, आतील पडदे व घन भाग पाहतात. पातळ भिंतीची, एकाच कप्प्याची, स्वच्छ द्रव असलेली व ५ सेंमी.पेक्षा लहान गाठ पाळी चालू असलेल्या स्त्रीत आढळल्यास तीवर उपचार लागत नाहीत. ५ ते ७ सेंमी.च्या साध्या गाठीची वर्षाने पुन्हा तपासणी करतात. त्याहून मोठ्या गाठीसाठी पुढील चित्रण किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात. चॉकलेट सिस्टमध्ये द्रव दळलेल्या काचेसारखा एकसारखा धुरकट दिसतो. तपासणी पाळीनंतर पहिल्या आठवड्यात केल्यास पीतपिंडाची गल्लत टळते. योनिमार्गे केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्या तपासणीपेक्षा पुष्कळ अधिक दाखविते, पण तीही निर्दोष आली म्हणून अंतःस्तर विस्थान नाही असे म्हणता येत नाही.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहणे व जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) करणे हाच निदानाचा अंतिम निकष मानीत. या विषयावरील यूरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०२२ मध्ये ही अट काढून टाकली. हकिकत व तपासणी जुळत असल्यास दुर्बिणीची वाट न पाहता औषधे सुरू करावीत, असे आता मानले जाते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही नव्या औषधापेक्षा महत्त्वाचा आहे.

रक्तातील ‘सीए १२५’ या प्रथिनाच्या चाचणीविषयी सावधगिरी आवश्यक आहे. अंडकोशाच्या कर्करोगात ते वाढते. पण अंतःस्तर विस्थान, श्रोणिगुहेतील शोथ, एवढेच नव्हे तर साधी पाळी यांतही ते वाढते. आपल्या देशात पोटातील क्षयरोग हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. क्षयरोगात अंडवाहिन्या फुगून गाठीसारख्या दिसतात, पोटात पाणी होते व चित्र हुबेहूब कर्करोगाचे वाटते. म्हणून तरुण स्त्रीत केवळ या आकड्यावरून कर्करोगाचे भय घालू नये. ऋतुनिवृत्तीनंतर मात्र चाचणीचा उपयोग होतो. तेथे सोनोग्राफीतील संशयास्पद खुणांचे गुण (०, १ किंवा ३), ऋतुनिवृत्तीसाठी ३ व सीए १२५ चा आकडा यांचा गुणाकार करतात; तो २०० पेक्षा अधिक आल्यास शस्त्रक्रिया कर्करोग केंद्रातच करावी. उदा., दोन संशयास्पद खुणा (गुण ३) व सीए १२५ चा आकडा ३० असल्यास गुणाकार ३ × ३ × ३० = २७० येतो.

धाराशिव जिल्ह्यातील अनुभव : स्त्रीरोगांच्या जागतिक वाङ्‌मयात या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद या रूपात कायमचे नोंदले गेले आहे. शेजारच्या बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाशी संलग्न अशी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली व तीत भूम आणि परांडा हे तालुके समाविष्ट होते. पुढे हे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून जिल्ह्यातील खेड्यांच्या ५२ गटांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाळणी-तपासणीचा प्रयोग केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या विषाणू चाचणीने (एचपीव्ही) वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग व त्यामुळे होणारे मृत्यू निम्म्यावर आले : चाचणी झालेल्या गटात ३४, तर तपासणी न केलेल्या गटात ६४ मृत्यू झाले. तपासणी न केलेला गट ठेवणे नीतीला धरून होते काय, यावर नंतर वाद झाला. परंतु कोरडवाहू गावांतील स्त्रिया अंतर्गत तपासणीस येत नाहीत, हा समज या प्रयोगाने खोटा ठरविला.

हे यश अंडकोशाच्या बाबतीत मिळत नाही. गर्भाशयमुख डोळ्यांनी दिसते व त्यावरून बोळा फिरविता येतो. अंडकोश आत खोल असतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवरील प्रयोगात सीए १२५ व सोनोग्राफी यांनी वर्षानुवर्षे तपासणी करूनही अंडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये दिसून आले. म्हणून कोणतीही तक्रार नसताना शिबिरात सरसकट सोनोग्राफी करून ‘गाठी’ शोधणे निरर्थक आहे, किंबहुना त्यातून नको त्या शस्त्रक्रिया उद्‌भवतात. तक्रार असणाऱ्या स्त्रीला मात्र वेळेवर तपासणी मिळत नाही. अभय व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. त्यांपैकी पूर्वी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

तपासणीऐवजी शस्त्रक्रिया हा प्रकार ऊसतोडणी कामगार स्त्रियांत ठळकपणे दिसून आला. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व त्याला लागून असलेल्या भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून हजारो जोडपी (एका जोडप्यास ‘कोयता’ म्हणतात) मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. कामावर न आलेल्या दिवसाचा ‘खाडा’ म्हणजे दंड कापला जातो. फडात आडोसा, पाणी व विश्रांती नसते. पाळीतील वेदना, पांढरे जाणे, अंग बाहेर येणे अशा वेगवेगळ्या कारणांच्या तक्रारींवर ‘पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल’ असे सांगून गर्भाशय काढल्याची अनेक प्रकरणे २०१९ मध्ये उजेडात आली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे दर सहा जणींत सु. एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३·२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसले, तरी एवढे अंतर केवळ वयाने स्पष्ट होत नाही. यानंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशयोच्छेदन टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या व ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकाराव्यात असा आदेश दिला.

धाराशिव येथे २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी अवघड शस्त्रक्रियांसाठी सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाई गाठावे लागे. अणदूर (ता. तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिक्षण देऊन घराच्या उंबऱ्याशी ऐकून घेणारे माणूस निर्माण केले. वर सांगितलेली दिनदर्शिकेवरील खुणांची पद्धत अशा कार्यकर्तीला किंवा आशा सेविकेला सहज राबविता येते. सोनोग्राफी यंत्र मात्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये (१९९४) नोंदणी झालेल्या केंद्रातच असते व त्यासाठी शहर गाठणे भाग पडते.

चिकित्सा : क्रियात्मक द्रवार्बुदावर वाट पाहणे हाच उपचार आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी ते लवकर विरते असा समज होता, पण चाचण्यांत तो टिकला नाही. खऱ्या साध्या अर्बुदात शक्य तेथे गाठ सोलून काढून अंडकोश राखतात. कर्करोगाचा संशय असल्यास सुईने पाणी काढून पाहू नये; त्यामुळे मारक कोशिका उदरगुहेत पसरण्याचा धोका असतो.

अंतःस्तर विस्थान समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. चिकित्सा मधुमेहासारखी दीर्घकाळची असते व ती स्त्रीला काय हवे आहे—वेदनाशमन की मूल—यावर ठरते. मेफेनॅमिक आम्ल किंवा आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके वेदना वाढण्यापूर्वी, पाळीच्या आदल्या दिवसापासून, जेवणानंतर घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. मूल नको असल्यास पाळी दाबून ठेवणारी हॉर्मोने देतात. एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या मधल्या लोखंडाच्या गोळ्या वगळून सलग घेता येतात. शासकीय केंद्रांत मोफत मिळणारी ‘माला-एन’ ही अशीच गोळी आहे. तंबाखू किंवा मशेरीची सवय, रक्तदाब व अर्धशिशी यांची चौकशी मात्र आधी करावी. प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टेरॉन) वर्गातील नॉरएथिस्टेरोन, डायनोजेस्ट, गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त साधन व दर तीन महिन्यांनी टोचावयाचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन यांचाही उपयोग होतो. शेवटचे औषध २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने शासकीय कार्यक्रमात आहे. सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला दोन अंतःक्षेपणांत (इंजेक्शनांत) हंगाम निभावता येतो. सुरुवातीस अनियमित रक्तस्राव होतो, तो आधी सांगितला नाही तर उपचार सोडून दिला जातो. तांबी बसविल्याने मात्र पाळीतील स्राव व वेदना वाढू शकतात. डॅनाझॉल हे १९७०–८० या दशकातील प्रमुख औषध होते. आवाज घोगरा होणे व चेहऱ्यावर केस येणे या परिणामांमुळे ते मागे पडले. पोष ग्रंथीतील संबंधित हॉर्मोनांचे स्रवण थांबविणारी ल्युप्रोलाइडसारखी औषधे प्रभावी पण महाग आहेत व त्यांमुळे हाडांतील कॅल्शियम घटते.

मूल हवे असल्यास वरील हॉर्मोने निरुपयोगी ठरतात, कारण ती स्त्रीबीज बाहेर पडणेच थांबवितात. सौम्य विकारात दुर्बिणीद्वारे ठिपके नष्ट केल्यास गर्भधारणेची शक्यता काहीशी वाढते. चॉकलेट सिस्टमधील द्रव केवळ शोषून काढल्यास ती पुन्हा भरते. भिंत सोलून काढल्यास पुनरुद्‌भव कमी होतो, पण तिच्याबरोबर निरोगी पुटकेही जातात. म्हणून वारंवार शस्त्रक्रिया करण्यापेक्षा वेळीच कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग पत्करणे इष्ट ठरते. अशा जोडप्यात पुरुषाच्या वीर्याची तपासणी प्रथम करावी. ती स्वस्त व निरुपद्रवी असूनही बहुधा सर्वांत शेवटी होते.

गर्भाशयोच्छेदन : औषधे व मर्यादित शस्त्रक्रिया यांनी वेदना न थांबलेल्या, पुढे मूल नको असलेल्या स्त्रीत गर्भाशय काढण्याचा विचार करतात. त्याच वेळी दिसणारे सर्व विस्थापित ऊतक काढले नाही, तर वेदना परत येण्याचा संभव राहतो. कोणते इंद्रिय काढले हे रुग्णाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे. ‘पिशवी काढली’ एवढेच माहीत असलेल्या अनेक स्त्रियांचे अंडकोशही काढलेले असतात व ते त्यांना ठाऊक नसते. ४५ वर्षांपूर्वी दोन्ही अंडकोश काढल्यास ऋतुनिवृत्ती एका दिवसात येते : अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे, सांधे दुखणे हे लगेच, आणि हाडे ठिसूळ होणे व हृदयविकार हे पुढे. अशा स्त्रीला नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे सु. पन्नाशीपर्यंत, हॉर्मोने देणे आवश्यक असते. सामान्यतः गर्भाशय नसलेल्या स्त्रीला केवळ स्त्रीमदजन पुरते. अंतःस्तर विस्थान असलेल्या स्त्रीत मात्र त्याला प्रगर्भरक्षीची जोड देतात, कारण उदरगुहेत उरलेले ऊतक एकट्या स्त्रीमदजनाने पुन्हा वाढू शकते.